चढावर लावलेली गाडी

मंगळवार, ३

आज गाडीला लाथ मारली. माझा अंगठा सुजला, बंपर ढिम्म.

सहा वाजता बाबांना मागच्या सीटवर बसवलं. बाबा म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळ, गुरू, शनी, सकाळी साडेसहाला डायलिसिस. गेले आठ महिने या तीन वारांभोवती आमचं घर फिरतंय. सेल्फ मारला. घुर्र घुर्र घुर्र. पुन्हा मारला. मोजून चौदा वेळा. इंजिन चालू व्हायचं नाव घेईना. सेंटरवाले खुर्ची पावणेसातपर्यंत धरून ठेवतात, मग यादीतल्या पुढच्याला देतात. टॅक्सीला फोन केला तर म्हणे पाऊण तास. सात वाजता सेंटरमधली बाई म्हणाली, "आता गुरुवारी या. आणि पाणी कमी द्या त्यांना." जसं काही मी हंडे ओततेय त्यांच्या घशात.

नवऱ्याला फोन केला. तो धरणाच्या कामावर असतो, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. ही जुनी गाडी त्यानेच मित्राकडून घेतलेली, त्यामुळे तिच्याविरुद्ध एक अक्षर ऐकून घेत नाही. "गाडीत काही नाहीये गं. तूच काहीतरी चुकीचं करत असशील."

मी तेवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. चुकीचं काय करतेय हे कुणीतरी सांगा मग.

मला घास उतरेना, आणि बाबांनी बूट काढून दोन टोस्ट मागितले. वर जॅम आहे का विचारलं. खाऊन अंगणात खुर्ची टाकून बसले, उन्हात पाय पसरून. गाडी बंद पडली की यांना भूक लागते वाटतं.

बुधवार, ४

संध्याकाळी बऱ्याच खटपटीने चालू झाली, तशीच मास्तरांकडे नेली. गॅरेजवाल्याला सगळं गाव मास्तर म्हणतं. शिकवत काही नाहीत, पण प्रश्न विचारला की मान वर न करता उत्तर देतात. मी सांगितलं, सकाळी चालू होत नाही. त्यांनी किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू.

"होतेय की."

"सकाळी होत नाही."

"साहेब कधी येणार आहेत? त्यांच्याशी बोलतो."

मी म्हटलं, गाडी मी चालवते, साहेब नाही चालवत. ते हसले. हसायला काय झालं?

बॅटरी बदलून घेतली. तेही बाबांमुळे. काल मी विचारलं होतं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? तेहतीस वर्षं बस चालवली त्यांनी, शेवटची सहा वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बॅटरी असेल. बदलून टाक." सेल्फ तर जोरात फिरत होता, मग बॅटरी कशी, असं माझ्या मनात आलं. पण त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

गुरुवार, ५

नवी बॅटरी. तेच रडगाणं, फक्त आणखी जोरात.

समोरचे शिंपी दुकान झाडत होते, ते धावून आले. आमची गल्ली चढाची, आणि गाडी लावायची जागा गल्लीच्या वरच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी आणि पेपरवाल्याने मिळून गाडी उलटी ढकलत खाली सपाटीवर नेली. तिथे थोड्या वेळाने, दुसऱ्या सेल्फला चालू. शिंपी म्हणाले, "हिला व्यायाम हवा होता." मला विनोद नको होता, मला सहा वाजून चाळीस मिनिटं झालेली दिसत होती.

कशीबशी खुर्ची मिळाली. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. खिडकीकडे तोंड. माणूस तुमच्यासाठी पहाटे पाचला उठतो, बरं वाटतंय का म्हणून तरी बोला!

रविवार, ८

नवरा आला. बाजारातून मी गाडी आणली तेवढ्यात त्याने किल्ली मागितली, फिरवली, चालू झाली. "बघ!" म्हणाला. जसं काही इंजिनाचा शोध यानेच लावला. मी म्हटलं, गरम इंजिन कुणीही चालू करेल, उद्या पहाटे सहाला उठून कर. उद्या पहाटे साडेपाचची त्याची बस.

जेवताना मला म्हणाला, "बाबांचं वजन वाढलंय. पाणी मोजून देतेस ना? त्यांना मीठ बंद कर." बाबा त्याच्या शेजारीच जेवत होते. मी म्हटलं, मोजून देते. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि उठले.

"यांना काय झालं?" नवरा मला विचारतो.

मला काय माहीत! मीच का दोघांची दुभाषी?

मंगळवार, १०

दुसरी खुर्ची गेली.

कालच टॅक्सी सांगून ठेवली होती. नशिबाने आलीही, सहा वाजून पाच मिनिटांनी, गाडीवर माझे सोळा सेल्फ मारून झाल्यावर. तर बाबा बसेनात. "टॅक्सीत मळमळतं मला."

तेहतीस वर्षं बस चालवली. घाटातून. यांना मळमळतं!

मी हात धरला, त्यांनी सोडवला. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी ओरडले, गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. शेवटी टॅक्सी परत पाठवली. बाबा म्हणाले, "जाऊ दे. एक दिवस नाही गेलं तर काय बिघडतं?" आणि कधी नव्हे ते कपाट उघडून जुने फोटो काढून बसले. दुपारी मी आले तर शेजारच्या आजोबांना बोलावून त्यांना बसचे किस्से सांगत होते, हातवारे करून. इतके मोठ्याने हसताना मी त्यांना आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला मात्र मुख्याध्यापिका बाईंनी उशिराबद्दल लेखी खुलासा द्यायला सांगितला आहे.

मास्तरांनी प्लग बदलले. त्यांच्याकडे अर्थातच लगेच चालू झाली.

शनिवार, १४

तिसरी खुर्ची. गुरुवारी अकराव्या सेल्फला चालू झाली होती, म्हणून आज थोडी आशा होती. टॅक्सी सांगितली नव्हती, बसणारच नव्हते ते; आणि ढकलायलाही गल्लीत कुणी नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. रागाने. मागून बाबा म्हणाले, "सोड. उतरू का मी?" आवाज असा शांत की मला आणखीच संताप आला.

नवऱ्याचा फोन: "तीनदा चुकलं? तू करतेस काय तिथे?"

सोमवार, १६

शाळेत फोन आला, शिंपीकाकांचा. बाबांना दम लागलाय, झोपता येत नाही, बसून श्वास घेताहेत. काकांनीच त्यांना आपल्या टेम्पोत घातलं आणि सेंटरला नेलं. मी पोचले तेव्हा पाय पोटरीपर्यंत सुजलेले, ओठ निळसर. तातडीने मशीनवर घेतलं. पाच तास.

डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "तीन फेऱ्या चुकल्या. छातीत पाणी भरलं होतं. जबाबदारी घेतलीय ना तुम्ही? मग?"

मी म्हटलं, गाडी चालू होत नाही. हे वाक्य उच्चारल्याबरोबर मला कळलं ते किती फालतू ऐकू येतं. माणूस मरायला टेकलाय आणि बाई म्हणते गाडी चालू होत नाही.

मंगळवार, १७

काल झोप नाही. आज रजा. मास्तरांवर, नवऱ्यावर, डॉक्टरांवर राग काढून झाला, गाडी तशीच आहे. मग वहीत रकाने आखले. तारीख, हवा, गाडी कुठे लावली, किती सेल्फ. शाळेत पोरांना हेच शिकवते की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. स्वतःच्या वेळी मात्र बॅटरी बदल, प्लग बदल, याचं ऐक, त्याचं ऐक.

बाबांची सोय काकांनी केली. "महिनाभर टेम्पोतून सोडतो, आधी का नाही सांगितलं?" टेम्पोत मळमळत नाही, असं दिसतं. मी विचारलं नाही.

सोमवार, २३

सहा सकाळी झाल्या. रोज रात्री गाडी लावायची जागा बदलली.

आमच्या जागेवर, तोंड वर करून: अकरा सेल्फ. चौदा.
खाली बागेशेजारी, सपाटीवर: एक. दोन.
आमच्याच जागेवर, पण उलटी, तोंड उताराकडे: एक. एक.

दोनदा तपासलं. थंडीचा संबंध नाही, बॅटरीचा नाही, माझ्या पायाचा तर नाहीच नाही. गाडीचं तोंड वर असलं की रोग. मास्तरांचं गॅरेज सपाटीवर आहे, मग तिथे होणारच ना चालू! तीन आठवडे हा माणूस मला "होतेय की" म्हणतोय.

मला नाचावंसं वाटलं आणि कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही एकदम.

बाबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बराच वेळ. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

एवढंच!

मंगळवार, २४

वही मास्तरांसमोर टाकली. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पेट्रोल उतरतंय," म्हणाले. "टाकीत पंप असतो, त्याच्यात एक छोटा व्हॉल्व्ह. वर गेलेलं पेट्रोल मागे येऊ नये म्हणून. तो गळतोय. रात्रभरात नळीतलं पेट्रोल परत टाकीत. तोंड वर असलं की टाकी खाली आणि इंजिन उंचावर, मग सकाळी इंजिनाला मिळतं काय? हवा. तुम्ही चढावर लावता हे सांगितलंच नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

त्यांनी पान्हा खाली ठेवला. ठेवायलाच हवा होता.

नवा पंप शनिवारी येणार. गल्ली अरुंद, रोज गाडी उलटी लावणं कठीण, म्हणून तोवरची युक्तीही सांगितली. सेल्फ मारायचा नाही, किल्ली फक्त अर्धी फिरवायची. मागून पंपाची घुंई ऐकू येते, ती थांबली की किल्ली बंद. असं तीनदा. नळी भरते. मग सेल्फ.

काकांना सांगितलं, गुरुवारपासून टेम्पो नको.

गुरुवार, २६

सहा वाजता बाबा मागे बसले. मी काही बोलले नाही. किल्ली अर्धी. घुंई. बंद. अर्धी. घुंई. बंद. तिसऱ्यांदा. मग सेल्फ, आणि गाडी सुरू! माझ्या तोंडून "हा!" निघालं. आरशात पाहिलं, म्हटलं यांनाही आनंद झाला असेल. त्यांचं तोंड पडलं होतं. कुणी शिक्षा सुनावल्यासारखं.

"मास्तरने सांगितलं वाटतं," ते म्हणाले. "तीनदा किल्ली द्यायची ते."

"काय?"

"पेट्रोल उतरतंय ते."

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. व्हॉल्व्हचं नाही, पेट्रोलचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. पंपावरच तर बसतो मी. आवाजावरून कळतं."

"आणि मला बॅटरी बदलायला सांगितलीत."

मी आयुष्यात सासऱ्यांवर आवाज चढवला नव्हता. आज सगळं काढलं. तीन खुर्च्या, लेखी खुलासा, रडणं, नवऱ्याची बोलणी, डॉक्टरांची बोलणी. ते ऐकत होते. मग तेही भडकले. "मला कुणी विचारलं? आठ महिन्यांत एकदा तरी? पाणी किती देतेस ते तुला विचारतात, वजन तुला विचारतात, मी तिथेच बसलेला असतो! बूट घाल, बस, हात पुढे कर, ऊठ. मी लोकांना नेत होतो, तेहतीस वर्षं. आता मला पोत्यासारखं टाकतात मागे. त्या मशीनवरून आलो की दिवस संपला, नुसता पडून असतो. गाडी चालू झाली नाही की मला एक दिवस मिळायचा. कुणाला नाही म्हणावं लागायचं नाही, गाडीच नाही म्हणायची."

"आणि मेला असतात तर?"

"असतो तर असतो."

"माझ्या माथी!" मी किंचाळले. "गाडी नाही चालू केली म्हणून सासरा मारला, असं जन्मभर ऐकलं असतं मी. तुमच्या मुलाकडून. आणि मला ते खरंच वाटलं असतं! तुम्हाला जायचं नव्हतं तर तोंडाने बोलायचं होतं. माझ्या हातून का करवत होतात?"

हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, ते मला चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. म्हणाले, "चुकलं माझं." मग, "चल, पावणेसात होतील."

खुर्ची मिळाली. मी चार तास बाहेर बाकावर बसून राहिले. शाळेत गेलेच नाही. खुलासा मागू दे.

शुक्रवार, २७

बाबांनी स्वतः मुलाला फोन लावला. माझ्यासमोर. "गाडीत दोष होता. मला माहीत होता, मी सांगितला नाही. तिची चूक नाही. तिला पुन्हा बोलायचं नाही." पलीकडून बराच आवाज आला. बाबांनी फोन कानापासून लांब धरला आणि मग म्हणाले, "तू मला विचारत जा. जिवंत आहे मी," आणि ठेवून दिला.

नवऱ्याचा नंतर मला मेसेज: बाबांना काय झालंय?

उत्तर दिलं नाही. त्यांनाच विचार की!

माझा राग गेलेला नाही. चहा दिला, पण कप जरा जोरात ठेवला.

शनिवार, २८

डायलिसिसहून येताना तशीच गाडी मास्तरांकडे. मागची सीट उचलली, खाली टाकीचं झाकण, त्यातून जुना पंप बाहेर. बाबा घरी न जाता स्टुलावर बसून राहिले. थकलेले होते, तरी मास्तरांना दोन सूचना केल्या. मास्तरांनी त्या ऐकल्या. मी तीन आठवडे सांगत होते तेव्हा ऐकलं नव्हतं, याची नोंद इथे करून ठेवते.

सोमवार, ३०

डॉक्टरांकडे मुद्दाम वेळ घेतली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "यांची झोप कशी आहे?"

"त्यांना विचारा."

"भूक?"

"ते तुमच्या समोर बसलेत. त्यांनाच विचारा." जरा जास्तच कडक झालं, पण झालं ते झालं.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. बाबांनी विचारलं, आठवड्यात दोनदा केलं तर? सोडून दिलं तर किती दिवस, आणि ते दिवस कसे? डॉक्टर आधी अडखळले, मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. बाबांनी असे प्रश्न विचारले की मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गेले नाही.

गाडीत बाबा म्हणाले, "तीनदा येतो. पण दर वेळी आधी मला विचारायचं. आणि मी नाही म्हटलं तर नाही."

मी हो म्हटलं. म्हणताना दातांवर दात होते.

मंगळवार, ३१

"बाबा, जायचं?"

"हो."

पहिल्या सेल्फला चालू.

गुरुवार, ९

चार वेळा विचारलं, चार वेळा हो. आज पाचव्यांदाही हो. बाबा पुढे बसायला लागलेत आणि तोंड एक क्षण बंद नसतं. क्लचवरून पाय काढ. आरसा बघ. त्या ट्रकला जाऊ दे, त्याला घाई आहे, आपल्याला कुठे आहे? मी म्हटलं, तुम्ही गप्प होतात तेच बरं होतं. म्हणाले, "मग पेट्रोल उतरतंय तेही सांगायला नको होतं तर." मला अजून हसू येत नाही या विषयावर.

शनिवार, ११

सहा वाजता विचारलं. "बाबा, जायचं?"

"नाही."

मी उभीच राहिले. म्हटलं, बरं नाही वाटत का? "बरंय." मग? "आज नाही." पेपर उघडला त्यांनी.

आज नाही म्हणजे थेट मंगळवार. मधे पाच दिवस. मला ते निळे ओठ दिसायला लागले. हाताला धरून ओढावं असं वाटलं, आणि ओढलं असतं तर सहज ओढता आलं असतं, इतके हलके झालेत ते. किल्ली टेबलावर आपटली, पर्स उचलली, पाण्याचा मोजलेला तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि निघाले. शब्द दिला होता. कशाला दिला होता?

शाळेत दोन चंचुपात्रं फोडली. एक हातून निसटलं, दुसऱ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. आठवीच्या पोरांना उगाच झापलं. दहा वाजता हात धुतले आणि घरी फोन लावला.

"कसं वाटतंय?"

"ठीक. तू कामावर गेलीस?"

"मग काय करायला हवं होतं?"

मग बाबा म्हणाले, "सेंटरला फोन केला मी. दीडची एक खुर्ची रिकामी आहे, कुणीतरी गावाला गेलंय. नेशील?"

"मग सकाळी 'नाही' का म्हणालात?"

"म्हणून बघितलं. नाही म्हटलं तर खरंच थांबतेस का ते."

स्टाफरूममध्ये चार जणी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी माझ्या सासऱ्यांना असं काही बोलले की एकीने कपातला चहा तसाच ठेवला. चार तास! चार तास माझा जीव टांगून ठेवलात, बघण्यासाठी! ते ऐकत होते, मधे फक्त "हं" म्हणत होते. मी फोन आपटला, अर्धी रजा लिहिली, मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठेवली आणि कारणाच्या जागी लिहिलं, सासऱ्यांनी बोलावलं आहे.

घरी पोचले तर ते बूट घालून फाटकात उभे. पहिल्यांदाच स्वतःहून.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "रागावलीस?"

"हो."

"किती दिवस राहील?"

"तुम्ही आहात तोवर."

त्यांनी मान हलवली, म्हणाले, "ठीक आहे," आणि पट्टा लावायला घेतला. त्यांना तो लागेना. मी वाकले नाही. वाट बघितली. लागला. मग गाडी सुरू केली.